शेवटचे तीस फूट

फोनवरच आप्पा म्हणाले होते,
"पैसा शंभरना भरस मी, अन् येतस दोन."

पारोळ्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत बडगुजरांचं घर.
पुढे नवा स्लॅब, मागे जुनं धाबं,
मधे हातभर जाडीची मातीची भिंत,
एप्रिलात जी माणसांना गार ठेवते
आणि माझं डोकं तापवते.

डबी कुठाय, विचारलं.
हिलाल आप्पांनी कंबरेची किल्ली काढली.
लोखंडी कपाट, वरचा कप्पा,
खरेदीखत आणि सोन्याची पुडी यांच्यामधे
हिरवे दिवे मिचकावत बसली होती,
पाठच्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतलेली.
"उंदीर फार," ते म्हणाले. "आणि वस्तू किमतीची."

आधी वायर थेट लावून मोजलं: चौऱ्याण्णव.
कपाट बंद करून ओसरीत: एकवीस.
मधल्या खोलीत नऊ.
मागे, खाटेपाशी, दोन;
मग नुसतं गोल गोल फिरणारं चाक.

"मग बाकीनं सांडस कोठे?"

हे सांगणं दरवेळी अवघड जातं.
म्हटलं, आप्पा, मळ्यात भरताची पार्टी आहे,
वीस माणसं, पण एका वेळी एकानंच बोलायचं.
आधी कान द्यायचा.
कुणी बोलत असेल तर गप्प राहायचं.
दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया;
मग दोघांनी मनात वेगवेगळे आकडे मोजायचे
आणि पुन्हा तोंड उघडायचं.
प्रत्येक वाक्याला समोरच्यानं "हां" म्हणायचं,
"हां" आलं नाही तर तेच वाक्य परत.
निम्मे शंभर तर या रीतभातीतच जेवतात.
त्यात गल्लीतल्या सात घरांच्या डब्या,
सगळ्या एकाच सहा नंबरच्या वाटेवर;
दिवेलागणीनंतर तुमच्या भरताला
शेजारच्या मळ्यातलेही बोलत असतात.

आणि तुमचा हा फोन, नऊ वर्षांचा,
एकेक शब्द चावून बोलतो.
तो बोलायला लागला
की गुंजनचा गणिताचा तास ताटकळतो.

आप्पा जरा दुखावले.
"मी ते कमीच बोलस."

डबीला दोन गळे असतात, मी पुढे रेटलं.
एक जाडा, भिंतीतून जातो, पण ओझं थोडं उचलतो.
दुसरा बारीक, भराभर बोलणारा,
पहिल्याच भिंतीला धापा टाकणारा.
आणि मधल्या खोलीतले हे चार निळे ड्रम,
पाणी तर लहरी पिऊनच टाकतं—

"ड्रम हालवू नको," आतून आवाज आला.
"नळना भरवसा नई शे."

गेंदाबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर.
रोज सातला सुरतेहून उमाकांतचा फोन,
लूमच्या खडखडाटातून बाहेर येऊन केलेला.
त्याचा चेहरा काचेच्या तारेतून
तापी ओलांडून पापणी लवायच्या आत पारोळ्यात येतो.
मग ओसरी ते खाट, तीस फूट,
तिथं त्याचं तोंड अर्धं उघडं राहतं,
आणि ती त्या अर्ध्या तोंडाकडे बघत बसते.

खरा उपाय एकच: भिंतीला भोक, तिथवर वायर, मागे दुसरी डबी.
"आखाजीनंतर देखसूत," आप्पा म्हणाले,
सणाच्या तोंडावर भिंतीला भोक नको.

मग मला जेवढं जमलं तेवढं केलं.
डबी कपाटातून काढून दाराच्या चौकटीवर उंच ठोकली,
वाट सहावरून अकरावर नेली,
गुंजनचा फोन बारीक गळ्याला बांधला.
ड्रम जागेवरच.
खाटेपाशी मोजलं: सात.

चहा घेईपर्यंत सात वाजले.
"केवढा वायी गया रे तू," ती म्हणाली.
तिकडून काही क्षण काहीच नाही.
मी कप खाली ठेवला, डबीकडे बघितलं.
मग "हां" आलं.

गाडीच्या सीटवर रजिस्टर ठेवून लिहिलं:
तक्रार निवारण. ग्राहकाची सही.
मिळालेला वेग, या रकान्यात चौऱ्याण्णव.
आम्ही सगळे तेच लिहितो.