तिन्ही व्यक्ती एकच असल्याबाबत

जन्माच्या दाखल्यावर नावच नाही.
नुसतं: स्त्री. वडील रघुनाथ.
कारकुनाने चौसष्ट सालची वही उलगडली
तेव्हा पानाचा कोपरा त्याच्या बोटाला चिकटून आला,
आणि देव जाणे का, त्याने तो
परत जागच्या जागी नीट बसवला.

शाळेच्या दाखल्यात बकुळा.
लग्नात ताटातल्या तांदळांवर
यांनी अंगठीने लिहिलं, उत्तरा.
मला कुणी विचारलं नव्हतं. नाव तसं वाईट नव्हतं.
रेशनकार्डावर उत्तराबेन, कारण बडोद्यात
बाईला बेन लावल्याशिवाय
साखरसुद्धा मिळत नसे.

खिडकीतली मुलगी माझ्या नातीएवढी.
"आंटी, आ त्रण जण कोण छे?"
मीच, म्हटलं.
"एम ना चाले. प्रूफ जोइए."

फोटोला पांढरा पडदा. चष्मा काढा. कान दिसू द्या.
दांडिया बाजारचा फोटोवाला म्हणाला,
मावशी, हसू नका.
हसत कुठे होते? तोंडच तसं आहे माझं.

यांचा जुना पासपोर्ट कपाटात सापडला,
साड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा.
कुवेतच्या नोकरीसाठी काढलेला.
सासूबाई पडल्या, मग मुलाची दहावी, मग राहिलंच.
छत्तीस पानं. एक शिक्का नाही.
आणि त्यात हे नुसते विश्वास,
माझ्या कागदांत अजून विश्वासराव.
म्हणजे आता यांचंही प्रूफ.

कोठीच्या कचेरीबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या
नोटरी दवेंनी स्टॅम्पपेपरवर टाइप केलं
की बकुळा रघुनाथ शितोळे,
उत्तरा विश्वास फणसे
आणि उत्तराबेन विश्वासराव फणसे
या तिन्ही व्यक्ती एकच असून
त्याबाबत कोणतीही तक्रार नाही.
रिक्षात मी तो कागद दोनदा वाचला.
बकुळा तर मला वाटलं होतं
माहेरच्या ट्रंकेतच राहिली,
परकराच्या घडीत.
रावपुऱ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा
तिघी मिळून आम्ही उसाचा रस प्यालो.
एकच ग्लास.

पंधरा दिवसांनी पोलीस आला, मोटारसायकलवरून,
आणि आधी समोरच्या दारात विचारलं.
जसोदाबेन पापड वाळत घालत होती.
"उत्तराबेन फणसे अहीं रहे छे?"
"ना रे भाई, एवुं कोई नथी."
तीस वर्षांचा शेजार!
विरजण माझ्याकडे तिच्या वाटीतून येतं,
तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाची ओटी मी भरली.
पण तिला मी मराठी मासी. नाव कुणी घेतलंय?
हातातली मेथी तशीच घेऊन मी जिन्यावर धावले,
वरूनच ओरडले, "अरे हुं छुं! मीच ती!"
त्याने फाईलमधून मान वर केली.
"कोणती?"
मी दवेंचा कागद हलवला.
मेथीची दोन पानं त्याच्या टोपीवर पडली.

आता गल्ली विचारते, क्यां जवानां, मासी?
मुलाकडे? त्याने बोलावलं?
मी म्हणते, बघू.
एवढा फॉर्म भरला:
जन्म कुठे, बाप कोण, नवरा कोण,
अंगावर खूण (उजव्या मनगटाला भाजल्याचा डाग,
कशाचा ते विचारत नाहीत),
तुम्हाला ओळखणारी दोन माणसं कोण.
कुठे जाणार, हा रकाना मला सापडला नाही.
चष्मा लावून पुन्हा शोधला.

जसोदाबेनला तेवढं सांगितलं, हळूच,
पापडाचं पीठ मळता मळता.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, एटली दूर?
आणि, तू नसताना दही कोणाला देऊ?