फुजीकडे पाठ करून

अकरा वेळा जाऊन आले,
म्हणून समोरच्या दारातल्या राऊतबाईंना वाटतं
मी जपान पाहिलाय.

खरं सांगू? मी पाहिलीत माणसं,
जपानकडे बघणारी.
हातात पिवळं निशाण, ताणलं की लांबणाऱ्या काठीवर,
आणि उलटी पावलं.
मागे बांबूचं बन आलं की सोनेरी देऊळ,
ते त्यांच्या तोंडांवरून ओळखायचं.
भुवया वर गेल्या की देऊळ.
बोलणं बंद झालं की बन.

आणि फुजी?
तो मला भेटला हाकोनेच्या बसमध्ये
धुरंधरबाईंच्या चष्म्यात,
दोन काचांत दोन, बोटाच्या पेराएवढे,
डाव्याच्या पायथ्याशी लोणच्याच्या तेलाचा डाग.
मी माइकवर म्हणत होते, उजवीकडे बघा, उजवीकडे,
आणि मोजत होते.

अडतीस.
झोपेतही जिभेवर असतो हा आकडा.
बुलेट ट्रेन थांबते दीड मिनिट,
तेवढ्यात अडतीस माणसं, त्यांच्या बॅगा,
गोगरींचं खाकऱ्याचं खोकं,
आणि पेंडुरकर, ज्यांना नेमकी तेव्हाच
मशीनमधली गरम कॉफी हवी असते.

मॅडम, यांचा भात असा चिकट का?
मॅडम, संडासातलं हे निळं बटण कशाचं?
मॅडम, आज ढग आहेत, मग डोंगराचे पैसे परत?
हिरोशिमाला मात्र कुणी काही विचारलं नाही.
कागदी पक्ष्यांच्या माळांसमोर
गोगरींची सून तिच्या मुलाच्या स्वेटरची बटणं
लावत बसली, लावलेली काढून पुन्हा लावत.

नाराला हरणं वाकून नमस्कार करत होती,
आपली माणसंही वाकत होती,
बिस्किटं संपली तरी वाकत होती.
त्या गोंधळात मी मोजलं, अडतीस.
मागून डिमेलो मास्तर म्हणाले, एकोणचाळीस.
काळजात धस्स झालं. कुठल्या दुसऱ्या ग्रुपचं माणूस आलं आपल्यात?
मास्तरांनी टोपीनं माझ्याकडे दाखवलं
आणि हरणाशी कोकणीत बोलायला लागले.

परवा पहाटे विमान उतरलं.
पट्ट्यावरची शेवटची बॅग उचलली गेली
आणि अडतीस जण मुलुंड, गोराई, वसईला पांगले,
भेटू हं, भेटू हं करत.
भेटत कुणी नाही. फोटो येतात,
त्यात मी नसते,
कधी कडेला नुसती काठी असते.

आज गोपी टँकच्या बाजारातून बोंबील घेतले
आणि घरी जायचं ते
उगाच रेतीबंदराकडे वळले.
कठड्यावर माणसं बसलेली. मी त्यांच्यासमोर थांबले,
सवयीनं, समुद्राकडे पाठ करून.
शाळेच्या दप्तरावर बसलेली दोन पोरं,
एक म्हातारा, मोजे वाळत घातलेले,
एक बाई, फोनवर कुणाला तरी
"नाही म्हणजे नाही" सांगणारी.
बोलता बोलता ती थांबली.
पोरांची तोंडं तांबूस झाली.
म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरला.
म्हणजे मागे काहीतरी चाललं होतं.

मोजलं. सोळा.
कुणी बघत नाही बघून
हळूच म्हटलं, सतरा,
आणि वळले.

समुद्र होता. त्यावर पूल होता.
सूर्य निम्मा गेलेला,
उरलेला मला पुरला.
राऊतबाईंना आता काय सांगू, ते बघू नंतर.
पिशवी गळत होती,
बोंबलांचं पाणी चपलेवर ठिबकत होतं.