तीन महिन्यांची सरासरी

घणसोली गावठाण, तळ्याच्या कडेला आमचं सेंटर.
एक खुर्ची, एक फ्रिज, मागच्या वर्षीचं कॅलेंडर.
हसुराम मढवी बाही वर करतात.
"आठ दिस झालं पोरी, गोर काय खाल्ला नाय."

उपाशीपोटीची साखर खरंच छान. एकशे चार.
माणूस आठ दिवस नीट वागला
की हा आकडा लगेच त्याच्या बाजूने बोलतो.
जांभळ्या बुचाची नळी तशी नाही.
तिला मागचं सगळं आठवतं.

कार्बनला चार हात, कॉलेजात बाई सांगायच्या,
आणि एकही रिकामा राहिलेला त्याला चालत नाही.
सहा जणांनी फेर धरला की साखर.
लांबलचक रांग लावली की चरबी,
पेशीभोवतीचा बांध, मिठागराच्या बांधासारखा
(हे बाई नाही म्हणाल्या, माझं आहे).
नायट्रोजनला सोबत घेऊन घड्या घातल्या की प्रथिन:
हिमोग्लोबिन, आपला श्वास डोक्यावर घेऊन चालणारं.

साखर रक्तातून जाता जाता
आपला पहिला कार्बन पुढे करते
आणि त्याचं टोक धरते.
मध्ये एन्झाइम नाही, कुणी जुळवून दिलेलं नाही.
थोडा वेळ सुटता येतं.
मग गाठ आतल्या आत फिरते
आणि पेशी मरेपर्यंत, चारेक महिने,
ती तशीच हिंडते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. नऊ पूर्णांक आठ.
"काका, नारळी पुनवेपासून काय चाललंय?"

ते तळ्याकडे बघतात.
"चहा."
"किती?"
"दोन कप. येक माझा.
तिला तीन चमचे लागायची.
हात आपसूक दोन मांडतो.
वतून टाकवत नाय."

फॉर्मवर आहाराचा रकाना आहे. मी तिथे पेन टेकवून ठेवते.

त्यांच्या प्लीहेत आत्ता त्या पेशी फुटत असतील,
लोह परत जमा होत असेल,
साखरेतला कार्बन कधीच श्वासातून बाहेर पडला,
खाडीकडच्या तिवरांनी घेतलाही असेल.
चिकटला तेवढाच मागे राहिला.

"तीन महिन्यांनी परत या," मी म्हणते,
"दुसरा कप बंद केलात तर आकडा उतरेल."

"म्हंजे हा सगला पुसून जाल?"

जुन्या पेशी जातात, नव्या येतात. मी हो म्हणते.

ते रिपोर्टची चौघडी करतात,
खिशात ठेवतात, वरून हात दाबतात.
"मंग पुरच्या म्हयन्यापासून बघू."