खरं

उद्यमबागेतल्या तिसऱ्या गल्लीत
पहाटे ओतलेलं लोखंड
निवून, घासून माझ्या टेबलावर येतं.
मी हातोडीची टिचकी मारते.
धड नग घंटेसारखा लांबवर वाजतो,
चिरलेला बद्द.

हे बसलिंगप्पानं शिकवलं,
निम्मं कन्नडातून, निम्मं हातवाऱ्यांतून.
"किविगोट्टु केळव्वा."
डोळे मिटून ऐकायचो आम्ही,
भट्टीच्या धगीत, दोघंही घामानं निथळत.

आज काचेची खोली. एसी.
शानभाग साहेब घड्याळाकडं बघून हसतात,
पडद्यावर पुण्याचे दोघं इंग्रजीत घाई करतात.
ट्रक फाटकात उभा, इंजिन चालू.
चारशे बारा नग.
"हलगेकर मॅडम, तुमची सही तेवढी राहिलीय."

मी म्हटलं, "सॉरी, म्हणजे मला वाटतं,
बहुतेक थोडंसं..."
आणि स्वतःचाच आवाज कानावर आला:
बद्द.

कुठलं बहुतेक?
रात्री साडेनऊपर्यंत बसून मोजलेत मी.
सदतीस नग.
एकाच कोपऱ्यात, केसाएवढी चीर.

पुण्यात ट्रेनिंगला होते सहा महिने.
तिथं माझ्या प्रत्येक वाक्याला कुणीतरी हसायचं.
"'खरं' काय? 'पण' म्हण."
मग शिकले 'पण'.
'पण' म्हटलं की मान आपोआप थोडी खाली जाते,
असं माझं आपलं निरीक्षण.

वही मिटली. खुर्ची मागं सरकवली नाही,
उभीही राहिले नाही,
श्वास तेवढा पोटापर्यंत जाऊ दिला.

"ट्रक थांबलाय, दिसतंय मला.
खरं, हा माल जाणार नाही."

एसीची घरघर.
पडद्यावरचा एकजण गालात हसला,
"मॅडम, 'खरं' म्हणजे तुमच्याकडं 'पण' ना?"

"दोन्ही," मी म्हटलं.
"सदतीस नगांचे नंबर वाचू का?"

वाचले. एकेक करून, सावकाश,
बाजारात उधारीवाल्याचं नाव घेतात तसे.
बाराव्या नंबराला शानभाग साहेबांनी पेन उघडलं.
विसाव्याला कुणी घड्याळ बघेना.
टेबलाखाली माझा गुडघा लटलटत होता,
तो कुणाला ऐकू जात नाही
हे मला आजच कळलं.

बाहेर ट्रकचं इंजिन बंद झालं.
बसलिंगप्पानं काही विचारलं नाही,
पुढचा नग फक्त माझ्याकडं सरकवला.