चौकशीची खिडकी

सकाळी साडेआठला फोन आला.
तिच्याकडं अजून कालची रात्र, नऊ वाजलेले.
"पप्पा, पुएब्लाहून ओआहाकाला जायचंय.
कशानं जाऊ?"

विटा स्टँडवर मी सव्वीस वर्षं कंट्रोलर होतो.
कशानं जाऊ, हे मला
भिवघाटच्या, लेंगऱ्याच्या, खरसुंडीच्या माणसांनी
खिडकीच्या गजांतून लाखभर वेळा विचारलंय.
मेक्सिकोतून पहिल्यांदाच.

म्हटलं, काय काय आहे ते सांग.
विमान आहे, तासाभराचं,
पण ते धरायला आधी उलटं राजधानीला जायचं.
म्हणजे सांगलीला जायला पुणं गाठायचं. पुढं?
ऑफिसातल्या चौघी मिळून गाडी करतायत,
चालवणारी परवा शिकलीय.
पुढं?
रात्रीची बस. झोपून जाता येतं, खोलीचं भाडं वाचतं.
आणि सकाळी आठची. पाच तास.
आतच संडास आहे, पप्पा.
मी जरा गप्प झालो.
आमच्या स्टँडवर तो बाहेरसुद्धा धड नव्हता.

बाबालाल मुल्लाला बोलावून घेतलं.
स्वारगेटची रातराणी एकोणीस वर्षं,
एक म्हैस सोडली तर कुणाला धक्का नाही.
त्यानं फोन तोंडासमोर आरशासारखा धरला:
"घाट किती? दुसरा डायव्हर असतो का?
टायर बघितलेस?"
ती हसली. घाट खूप आहेत, काका.
फोटोत बघितलंय, डोंगरच्या डोंगर निवडुंग,
लाइटच्या खांबाएवढे उभे.
"म्हणजे आटपाडीच की," बाबालाल म्हणाला.
"मग दिवसाचं जा, बाळ.
रात्रीचा घाट डायव्हरला दिसतो,
तुला काय दिसणार?"

मग मीही सांगायचं ते सांगून घेतलं.
मागच्या चाकावर बसू नको.
पैसे तीन ठिकाणी ठेव.
नकाशात बघितलंय मी, आग्नेयेला जातेस,
सकाळचं ऊन डावीकडनं येणार,
उजवी खिडकी घे.

"तिकीट काढलंय, पप्पा. आठचंच.
उजवी खिडकी."

गजांच्या आत बसून एवढं कळलं होतं,
विचारणारा बहुतेक ठरवूनच आलेला असतो.
बोर्ड वाचता येणारेही विचारायचे.
आतून कुणीतरी
हां, हीच गाडी, म्हणायला लागतं
मग पिशवी उचलतात.
म्हटलं, हां. हीच गाडी. बस.

शनिवारी आमच्या साडेसातला तिची सुटली.
जुन्या वहीत रकाने आखले.
पुएब्ला–ओआहाका. सुटली १९.३०.
आगमन, कोरं.
बाबालाल दहापर्यंत बसला होता.
मधेच म्हणायचा, "आता चढ संपला असंल,"
आणि खाटेखाली उजवा पाय दाबून धरायचा.
मालन म्हणाली, झोपा आता, तिथं लख्ख दिवस आहे.
तोच तर त्रास, म्हटलं.
अंधार असता तर
मलाही दिसत नाही, तिलाही नाही,
बरोबरीचं झालं असतं.

साडेबारा झाले. काही नाही.
साडेबारा नि पाच.
अशा वेळी आम्ही पुढच्या डेपोला फोन लावायचो.
पुढचा डेपो कुठला, मला ठाऊक नव्हतं.

एकला दहा कमी असताना फोटो आला.
तिचा नाही, बसचा.
फलाटाला तिरकी लावलीय.
मी चष्मा पुसून पाटी वाचली, नंबर वाचला
आणि लाल पेनानं लिहिलं:
आगमन ००.५०. वीस मिनिटं लेट.
शेवटचा रकाना उशिराच्या कारणाचा.
तो कधी कोरा सोडायचा नाही, असा नियम होता.
थोडा वेळ पेन तसंच धरलं,
मग लिहिलं, निवडुंग.