राजधानी : बुडापेस्ट

कोकिळा म्हणते, सप्टेंबरात जाऊन येऊ,
कांदेबाग लागायच्या आत.
नणंद माझी. केळीच्या घडांचा हिशोब जिच्या बोटांवर,
ती आता फोरिंटचे रुपये करते
पंचांगाच्या मागच्या पानावर,
आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

टेबलावर नकाशा पसरलाय.
निरोपसमारंभात मिळालेला : शाल, नारळ आणि हा,
कारण शाळेत नवा आला होता.
ह्याच्यात अजून दोन जर्मनी आहेत.
पण नदी नदीच्या जागी आहे,
अल्याड एक गाव, पल्याड एक,
बुडा नि पेस्ट.
आधी पूल झाला, मग नावं जोडली.
कोकिळा चष्मा सरकवते :
म्हंजे आपलं खेडीभोकरी नि भोकर.
तठे तरी पूल पक्का शे ना?

भाकरीचं तिने विचारलं नाही.
कळण्याचं पीठ दोन किलो
तिने कधीच बांधून ठेवलंय.
खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही,
हे मी अजून सांगितलेलं नाही.

एकतीस वर्षं खडूने लिहिलं,
हंगेरी : बुडापेस्ट.
अडावदला, पत्र्याच्या वर्गात.
पोरं पाढ्यांसारख्या राजधान्या म्हणायची
आणि लिस्बनपाशी कुणीतरी नेमकं शिंकायचं.

शहाण्णव साल, सकाळची शाळा.
तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.
बाई, तुम्ही पाह्यलंय?
का कुणास ठाऊक,
मी हो म्हटलं.
मग थांबता येईना.
तिथे जमिनीतून कढत पाणी येतं, सांगितलं,
थंडीत वाफ अशी की शेजारचा माणूस दिसू नये,
म्हातारी माणसं गुडघे बुडवून बसतात
आणि घरच्या भांडणांबद्दल बोलतात.
दगडातून धार पडते. गंधकाचा वास
केस वाळले तरी जात नाही.
वर्ग इतका गप्प
की पत्र्यावरून खार पळालेली ऐकू आली.

सगळं उनपदेवचं होतं.
सातपुड्याच्या पायथ्याशी, सायकलच्या अंतरावरचं.
गायमुख तेवढं मी गाळलं होतं.

आज चोपड्याला, बसस्टँडसमोर,
लुकमान तडवीच्या झेरॉक्सच्या दुकानात
माझा अर्ज भरला गेला.
जन्मगाव. पेन्शनचा दाखला. तीन वर्षांचं बँकेचं पुस्तक,
ज्यात एवढी रक्कम एकदम कधीच नव्हती.
प्रवासाचा हेतू?
पर्यटन टाक, म्हटलं,
तरी तो शब्द मला दुसऱ्याच बाईचा वाटला.

मग तो रकाना आला :
याआधी या देशात गेला आहात का?

लुकमानची बोटं थांबली.
तिसरा बाक. खिडकीकडची बाजू.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
इथे काय टाकू, बाई?
बाहेर यावल गाडी लागली होती,
कंडक्टर दारावर थाप मारत होता.

नाही टाक.

त्याने टाकलं.
पुढचे दोन रकाने आम्ही कुणीच बोललो नाही.
मग कागदांना पिन मारता मारता म्हणाला,
आम्हाला माहीत होतं, बाई.
माझी माय उनपदेवलाच गोधड्या धुवायची.
तो वास आमच्या अंथरुणाला होता.
पण त्या दिवसानंतर
आम्ही त्या कुंडाला बुडापेस्टच म्हणायचो.
चल रे, बुडापेस्टला अंघोळीला.
अजून म्हणतो. माझी पोरं पण म्हणतात,
त्यांना का ते ठाऊक नाही.

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.
त्याने झेरॉक्सचे तेवढे पैसे घेतले,
सुट्टे नव्हते म्हणून दोन रुपये सोडले,
आणि पायरी उतरताना मागून हाक मारली :
येताना बाटलीभर पाणी आणा तिथलं.
वास घेऊन बघू, खरं सांगत होत्या का.

रात्री कोकिळाची यादी वाचली.
लसणाची चटणी, गुडघ्याचे पट्टे,
लोकरीचे मोजे चार जोड.
खाली माझ्या अक्षरात,
फळ्यावर लिहायचे तसं, ठळक :
बाटली. एक. झाकण घट्ट बसणारी.