मनुका वर येईपर्यंत

तीस एप्रिल. करावे गाव, रात्रीचे नऊ,
पंखा पाचवर आणि तरी ओट्यापाशी घाम.
सहा लिंबं, अर्धा किलो गूळ, चिमूटभर यीस्ट.
यीस्ट नेरुळच्या बेकरीवाल्याने फुकट दिलं,
म्हणाला, काकू, पाव करताय का घरी?
मी हो म्हटलं. कुठे सांगत बसू.

कोमट पाणी, गाळणं, काचेची बाटली,
बाटलीत चार मनुका.
त्या तळाशी जाऊन बसतात.
वर आल्या की प्यायचं, असं आउनेने शिकवलं होतं.
तिचं मराठी शून्य, माझं फिनिश शून्य,
मध्ये रेवती, दोन्हीकडून थोडं थोडं सांडत.

तांपेरेत आठवडा लागला होता.
रोज सकाळी मी बाटलीपाशी,
रोज मनुका तळाशी.
आई, इथे सगळं उशिरा उगवतं, लेक म्हणायची.
खरंच. मे उजाडायला आला तरी झाडांना पान नाही,
तळ्याच्या काठाला बर्फ, राखाडी, भुसभुशीत,
बाबांच्या मिठागरात शेवटच्या खेपेला उरायचं
तसलं मीठ.
आणि लोक मात्र वसंत आला म्हणून रस्त्यावर!
मी दोन स्वेटर, वर जावयाचं जाकीट, कानाला मफलर,
पोरं उघड्या गळ्याची,
लाल-जांभळ्या डांगऱ्यांवर ठिगळंच ठिगळं.
कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं
पिंजऱ्यात घालून क्रेनने नदीत बुडवत होते.
मी ओरडले, अरे मरतील!
कुणीतरी माझ्या हातात फुगा दिला.
पोरं वर आली, निळी पडलेली, खिदळत.

खायला एक प्रकार होता,
चकलीचा सोऱ्या हातातून सटकावा
आणि तेलात नुसता गुंता पडावा, तसा.
वर पिठीसाखर. मी तीन खाल्ले.

मग संध्याकाळी सगळ्यांनी एकदम
पांढऱ्या टोप्या काढून डोक्यावर घातल्या.
तरुणांच्या दुधासारख्या.
आउनेची मात्र पिवळी, जुन्या वर्तमानपत्रासारखी,
त्रेसष्ट सालची, कधीच न धुतलेली.
धुवायची नसते म्हणे.
मी विचारलं, ही कसली?
रेवती शब्द शोधत राहिली.
शाळेची शेवटची परीक्षा असते ना आई, मोठी...
मॅट्रिक? मी म्हटलं.
मॅट्रिक, आउने म्हणाली, तिच्या त्या कडक उच्चारात,
आणि माझ्याकडे बोट केलं. तू?

मी.
चौऱ्याहत्तर साल, जुनी अकरावी,
एसटीने पनवेलला केंद्र,
गावातून आम्ही दोघीच मुली, दुसरी गणितात गेली.
बाबांनी चार गोणी मीठ विकून पेढे वाटले
आणि जूनच्या आत लग्न उरकलं.
रेवतीने यातलं किती सांगितलं कोण जाणे.
आउनेने टोपी काढली,
माझ्या मफलरवरच ठेवली, नीट दाबून.
तेवढ्यात गारा पडायला लागल्या.
फोटो आहे. त्यात मी रडतेय असं वाटतं.
थंडी होती.

आज इथे झोपच लागली नाही, बाटली फुसफुसत होती.
पहाटे चारला दिवा लावला,
चारही मनुका वर, फुगून टम्म.
तिथे आठवडा, इथे एक रात्र.
आपल्या उकाड्याला दम धरवत नाही.

सकाळी सोसायटीत झेंडावंदन,
महाराष्ट्र दिन, लाउडस्पीकर खरखरतोय.
स्टीलचे पेले घेऊन मी खाली गेले.
वॉचमन दुबळेने वास घेतला, इकडेतिकडे पाहिलं.
काकू, हे काय? कसलं?
म्हटलं, मॅट्रिक पास झाल्याचं.
कोण झालं?
मी.
त्याने एक घोट घेतला, थांबला, डोळे बारीक केले.
गोड आहे, म्हणाला,
पण मागून जरा झोंबतंय.